माहेर कुठल्या तालुक्यात येतं?

आजच्या सेवापूर्ती समारंभाचे अध्यक्ष, तालुका आरोग्य अधिकारी माननीय डॉ. दिनेश निकम सर. आमच्या गावच्या सरपंच सुलाबाई. व्यासपीठावरचे सर्व मान्यवर. माझ्या सहकारी आशाताई, अंगणवाडीताई. समोर बसलेले गावकरी. आणि जिच्यासाठी आपण घोटीच्या या सभागृहात जमलो, ती तेहतीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून पायी फिरलेली आमची मालनताई गांगुर्डे, सर्वांना माझा नमस्कार.

मी योगिनी. मालनताईंच्याच उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पदाचं नाव मोठं आहे, नोकरी कंत्राटी आहे. माझे वडील केरूबाबा शेवटच्या रांगेत बसलेत. भाताच्या गिरणीवर पोती उचलून त्यांनी मला नर्सिंगची पदवी दिली. आमच्या घरात पदवी म्हणजे काय, हे माझ्यापासूनच कळलं. सकाळी निघताना ते म्हणाले, "पोरी, चांगलं चांगलंच बोल. तुझा कागद या लोकांच्याच हातात हाय." बाबा, प्रयत्न करते.

माझ्या आधी सात वक्ते बोलले. सातही जणांनी सांगितलं की मालनताईंच्या जाण्यानं मोठी पोकळी निर्माण होणार आहे. मी टाळ्या वाजवल्या. पण सर, पोकळी हा शब्द ऐकायला बरा वाटतो म्हणून विचारते. पोकळी भरायला जाहिरात निघते का? निघत नाही. पद भरायला निघते, आणि तीही निघालेली नाही. आज संध्याकाळी पावणेसहाला ताई कार्यमुक्त होतील. उद्या सकाळी त्यांच्या जागेवर कोण, हे मी गेले दोन महिने विचारते आहे. उत्तर आलं आहे: "योग्य ती व्यवस्था करण्यात येईल." मराठीत कर्ता नसलेलं इतकं लांब वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे मी निरोपाच्या कार्यक्रमात का काढते आहे? कारण परवा गुरुवारी आमच्या गावची सून सृष्टी बाळंतपणासाठी माहेरी चालली आहे. देवळ्याकडे, दुसऱ्या तालुक्यात. सातवा महिना सरला आहे, बीपी वाढलेलं आहे. आणि तिच्यावर तिकडेही नजर ठेवेल असं एकच माणूस या जिल्ह्यात होतं. त्या माणसाच्या मांडीवर आत्ता शाल आणि नारळ आहे.

सृष्टी सासूबाईंबरोबर, यशोदाबाईंबरोबर, इथेच बसली आहे. तिला विचारल्याशिवाय मी तिची गोष्ट काढली नसती. काल विचारलं. ती म्हणाली, "सांगा ना. नाव घेऊन सांगा. मागच्या टायमाला कुठंच नाव नव्हतं."

मागच्या वेळचं सांगते. दोन वर्षं झाली. मी नवीन होते, कॉलेजातून ताजी बाहेर पडलेली. नाशिकला आमचं प्रशिक्षण झालं होतं. पडद्यावर आफ्रिकेतले देश, आशियातले देश, त्यांत आपणही. विकसनशील देशांत माता आणि बालकांसाठी आरोग्य यंत्रणा कशी बळकट करायची, यावर तीन दिवस. मी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. मला खरंच वाटलं होतं की यंत्रणा म्हणजे काहीतरी असतं, आणि आपण फक्त तिच्यात जाऊन उभं राहायचं.

सृष्टीचं ते पहिलं बाळंतपण होतं. सातव्या महिन्यात तपासायला आली तेव्हा बीपी वाढलेलं निघालं. मी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिच्या नावापुढे लाल शाईनं "जोखमीची" लिहिलं, आणि स्वतःवर खूश झाले. आठवड्यानं आशाताईंनी सांगितलं, ती माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं का? मी वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: माहेरी.

असाच शेरा मारायची पद्धत होती. आधीच्या पानांवर तोच होता, त्याच्या आधीच्या पानांवरही तोच. ज्या बाईपुढे "माहेरी" लिहिलं, तिची त्या महिन्याची भेट मोजायची नाही, तपासणी मोजायची नाही. आपली यादी स्वच्छ. तिकडच्या यादीत तिचं नावच नसतं, कारण कार्डावर शिक्का सासरच्या केंद्राचा. म्हणजे बाई सर्वांत अवघड महिन्यांत असते तेव्हा ती आमची नसते आणि त्यांचीही नसते. वही मात्र पूर्ण भरलेली असते.

तीन आठवड्यांनी मालनताईंनी ती वही चाळली. त्या लसीकरणाहून आल्या होत्या, चप्पल अजून पायात होती.

"काय गं, ही लाल शाईवाली कुठंय?"

"माहेरी गेली, ताई."

"माहेरी म्हणजे कुठं?"

"म्हणजे... माहेरी."

"माहेर हे गावाचं नाव आहे का? कुठल्या तालुक्यात येतं ते? एसटी जाते का तिथं?"

आशाताई हसायला लागल्या. मीही हसले. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बीएस्सीला भूगोल नसतो वाटतं. फोन लाव."

फोन कुणाला लावायचा? माझ्याकडे नंबर सृष्टीच्या नवऱ्याचा, संतोषचा. तो कामावर. त्याच्याकडून यशोदाबाईंचा, त्यांच्याकडून सृष्टीच्या आईचा, असं करत पाऊण तासानं फोन लागला. आई तिकडून म्हणाली, "बाई, पोर बरी शे. डोकं दुखस, पाय सुजनात, पण दिवस बाकी शेतस."

मी पदवीधर. मला "पोर बरी शे" एवढंच ऐकू आलं. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला. गोळ्यांचं विचारलं. गोळ्या कधीच संपल्या होत्या. सृष्टी तिथल्या उपकेंद्रात दोनदा गेली होती. पहिल्यांदा कुलूप होतं. दुसऱ्यांदा तिथल्या सिस्टर भेटल्या, म्हणाल्या, तुझं नाव आमच्याकडे नाही, गोळ्या सासरच्या केंद्रातून मागव. त्या सिस्टरना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे तीन उपकेंद्रांचा कार्यभार होता. एका बाईनं तीन कुलपं उघडायची म्हटल्यावर दोन बंदच राहणार, हे समजायला पदवी लागत नाही.

ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "माय, आत्ता उठ. डोकं दुखणं आणि पाय सुजणं एकत्र म्हणजे दिवस बाकी नाहीत. पोरीला दवाखान्यात ने." रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. शेजारच्या नवनाथ नावाच्या माणसानं कांद्याच्या गोण्या अर्ध्यात उतरवल्या आणि आपली पिकअप दिली. ताई पूर्ण वेळ फोनवर होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत सृष्टीला झटके सुरू झाले होते.

सृष्टी वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

आता इथून पुढच्याचा मला जास्त राग येतो, आणि म्हणून ते मी हळू सांगणार आहे. महिनाअखेरीस अहवाल भरायची वेळ आली. मृत जन्म: किती? तिकडच्यांनी लिहिलं, निरंक, कारण नोंद सासरची. इकडे मला सांगण्यात आलं, निरंक लिहा, कारण घटना माहेरची. शिवाय त्या वर्षी तालुक्यात पहिल्या क्रमांकासाठी आपल्या केंद्राचं नाव होतं. फक्त एक आकडा शून्य राहायला हवा होता.

मी पेन हातात घेतलं होतं. लिहिणारही होते. खोटं बोलत नाही.

मालनताई म्हणाल्या, "दोन तालुके मिळून एका लेकराला जागा नाय व्हय?" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एक लिहिलं. विहित नमुन्यात शेऱ्याची जागा पुरेना, म्हणून समासात सृष्टीचं नाव, तिच्या माहेरच्या गावाचं नाव आणि गोळ्या कोणत्या तारखेला संपल्या, तेही लिहिलं.

पहिला क्रमांक गेला. ताईंना पत्र आलं: विहित नमुन्यात नसलेली माहिती का नोंदवली, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. ताईंनी तीन दिवस घेतले नाहीत. उभ्या उभ्या एक ओळ लिहिली. "लेकरू होतं म्हणून."

सर, तेव्हा आपण या तालुक्यात नव्हता, हे मला माहीत आहे. पण आज ज्यांनी ताईंच्या "निःस्वार्थ सेवेचा" गौरव केला, त्यांतले काही जण तेव्हाही होते. नावं घेत नाही. बाबा, बघा, सांभाळतेय.

त्यानंतर ताईंनी एक काम सुरू केलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाई माहेरी निघाली की तिचं गाव, तिकडच्या आशाताईंचा नंबर, शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर, हे सगळं ताईंच्या मोबाईलमध्ये. दर सोमवारी आणि गुरुवारी फोन. दुसऱ्या केंद्रातून आमच्याकडे आलेल्या लेकींनाही त्या दारात जाऊन शोधत. "नाव आमच्याकडे नाही" हे वाक्य आमच्या उपकेंद्रात दोन वर्षं कुणी बोललेलं नाही. मी स्वतः अर्ज केला की वहीत दोन रकाने वाढवा, माहेरचं गाव आणि तिकडचा फोन. चार वेळा केला. चौथ्या वेळी कार्यालयातले सोमनाथभाऊ मला म्हणाले, "मॅडम, रकाना वाढवायचा तर वही बदलावी लागेल." मी म्हटलं, बदला. ते म्हणाले, "जुन्या छापून ठेवल्यात ना पाच वर्षांच्या."

हसू नका. मी दोन वर्षं हसलेली नाही यावर.

म्हणून मला विचाराल, यंत्रणा म्हणजे काय, तर आमच्याकडे ती एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा फोन आहे, आणि ती आज निवृत्त होते आहे. प्रशिक्षणात हे पडद्यावर नव्हतं. एखादी बाई चांगली असते म्हणून बायका वाचतात, याला आपण कौतुकानं सेवा म्हणतो. मला याची आता लाज वाटते. ताईंची नाही, आपली. मालनताईंसारखं कुणी मिळालं नाही तरी सृष्टी घरी सुखरूप यायला हवी. तेवढंच मागते आहे.

सोमनाथभाऊंनी चिठ्ठी पाठवली आहे. "आवरा, जेवण गार होतंय." आवरते, भाऊ.

ताई, तुम्ही काल मला तुमचा फोन द्यायला निघाला होता. म्हणालात, "ने, सगळे नंबर आहेत." मी घेतला नाही, त्याचा तुम्हाला राग आला. आज सर्वांसमोर सांगते का नाही घेतला. मी घेतला असता तर उद्यापासून सगळे म्हणाले असते, योगिनी आहे ना. आणि माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं. नंबर मी वहीत उतरवलेत, समासात. मी फोन करणारच आहे. पण मी करते म्हणून कुणी सुटायचं नाही. तुम्ही नाशिक रोडच्या घरी जा, दुपारी झोपा. तेहतीस वर्षांत दुपारी झोपला नाहीत. तुमच्या हाताखाली मी पदवीपेक्षा जास्त शिकले, आणि पदवी किती महाग पडली ते बाबांना विचारा.

सर, यानंतर अध्यक्षीय भाषण आपलं आहे. ताईंबद्दल आपण चांगलंच बोलाल. त्याआधी दोन नावं सांगा. उद्यापासून आमच्या उपकेंद्रात कोण, आणि परवापासून देवळ्याकडे सृष्टीला कोण तपासणार. माणसाचं नाव आणि फोन नंबर. विचाराधीन नको, योग्य ती व्यवस्था नको. सृष्टी डावीकडे तिसऱ्या रांगेत आहे, हिरवी साडी. तिनं नंबर लिहून घ्यायला पेन आणलं आहे.

आपण सर्वांनी माझं एवढं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी गोड बोलायचं असतं, ते मला जमलं नाही. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आवाज चढला असेल, तर लहान समजून पदरात घ्या.

माईक मी जागेवर ठेवत नाही, सर. आपल्या हातात आणून देते.