मोकळी सोडायची हरणं

ज्यांनी ही हरणं जगवली, त्यांनीच ती बिघडवली, मी तर म्हणेन.

इथे आखातात, दुखान गावाजवळच्या सरकारी कुंपणातली हरणं पुढच्या महिन्यात वाळवंटात मोकळी सोडणार म्हणून मी खूश होतो. ऑफिसातले अबू राशिद, शिकारबंदी येण्याआधीचे शिकारी, म्हणाले, "सोडू नयेत. ती माणसाला घाबरत नाहीत."

"शिकाऱ्याला हरणांचा कळवळा कधीपासून?"

"यल्ला, गाडी काढ."

कुंपणापाशी पोचलो. गाडी दिसताच कळप धावला, पण आमच्याच दिशेने. हाकलायला मी हॉर्न वाजवला, तर लांबची हरणंही धावत आली.

अबू राशिद हळूच म्हणाले, "बाहेर बंदूकवालाही गाडीतूनच येईल."

मी पुन्हा हॉर्न दाबला. तेवढ्यात राखणदार आला.

"हॉर्न नका वाजवू, साहेब. त्यांना वाटतं, चारा आला."