फर्नला काटे

टेलर : ही बॅग माझ्याच मांडीवर का, एवढंच सांगा मला. डिकी रिकामी, शेजारची सीट रिकामी, आणि मी हिचे चार महिन्यांचे कपडे पोटाशी धरून बसलेय.

वहिनी : डिकी झाडांना लागेल ना, टेलरताई. आणि सीटवर मी वर्तमानपत्रं अंथरलीत. उंच झाडं तिथे उभी करायची.

टेलर : म्हणजे झाडांना सीट आणि मला बॅग. आणि तीही अजून विकत न घेतलेल्या झाडांना!

मास्तरीण : म्हणून तर म्हणत होते, स्टेशनवरून आधी माझ्या घरी जाऊ. बॅग टाकते, तोंडावर पाणी मारते, म्हातारीला एकदा बघते, की निघू. वाटेतच तर आहे.

वहिनी : नको!

टेलर : नको!

मास्तरीण : अगं, ओरडताय काय दोघी?

टेलर : रांग लागते गं. वर्षातून एकदा भरतो सेल. गेल्या खेपेला आपण पोचेपर्यंत ऑर्किडवाल्याकडे नुसता टेबलावरचा कपडा उरला होता. कपडा बरा होता, ते सोड.

वहिनी : आणि वन्सं, तुम्ही प्रवासातून आलात. घरी गेलात की टेकाल, आणि टेकलात की उठणार नाही.

मास्तरीण : जन्मभर वर्गात उभी राहिलेली बाई आहे मी. बरं, राहिलं. म्हातारी कशी आहे, ते तरी सांगशील?

टेलर : कोण म्हातारी?

मास्तरीण : कोण म्हणजे? माझा गुलाब! आईच्या परसातून काडी आणली होती, ओल्या रुमालात गुंडाळून. लेकीचं बाळंतपण करताना रोज तिची आठवण काढली मी, आणि तू विचारतेस कोण? वहिनी, तू सांग. किल्ली तुझ्याकडे होती.

वहिनी : शांत आहे.

मास्तरीण : शांत?

वहिनी : म्हणजे… तिची काही तक्रार नाही.

मास्तरीण : कळ्या किती?

टेलर : वहिनी, सिग्नल! कधीचा हिरवा झालाय. मागचा माणूस आपला उद्धार करतोय, आणि तू आरशात काय बघत बसलीस?

* * *

टेलर : गेली का ती ट्रॉलीच्या रांगेत? मान वळवू नकोस. तिला पाठीमागचंही दिसतं, शाळेतली पोरं सांगायची.

वहिनी : सासूबाईंचा गुलाब होता तो, टेलरताई. माझ्या हातून मेला!

टेलर : तुझ्या एकटीच्या नाही. माझे दोन हात धरायचे राहिले.

वहिनी : तुमच्याकडेही किल्ली होती, हे मला परवा त्या कुंडीसमोर कळलं. मी दार उघडून गॅलरीत गेले, तर तुम्ही उकिडव्या बसलेल्या. मला वाटलं, चोर.

टेलर : मलाही तूच चोर वाटलीस. दचकून हातातली बाटली सांडली माझी.

वहिनी : वन्संचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून दिली असेल तुम्हाला.

टेलर : असं काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, वहिनी विसरेल एखादेवेळी, तू डोकावत जा. आणि तिला बोलू नकोस, वाईट वाटेल.

वहिनी : वाटलंच.

टेलर : ते नंतर वाटून घे. बाटलीत काय होतं विचार.

वहिनी : काय होतं?

टेलर : पेंडीचं पाणी. आठवडाभर कुजवलेलं, घट्ट. झाड जरा मरगळलेलं दिसलं. म्हटलं, मास्तरीण येईल तेव्हा कसं फुलांनी डवरलेलं असू दे. तू काय घातलंस?

वहिनी : दाणेदार खत. एक मूठ. मग वन्संचा फोन आला, येतेय म्हणून, तर आनंदाच्या भरात आणखी एक मूठ.

टेलर : आणि पानं करपायला लागली, तेव्हा मला वाटलं अशक्तपणा. अजून एक बाटली.

वहिनी : मलाही अशक्तपणाच वाटला.

टेलर : म्हणजे आपण दोघींनी मिळून म्हातारीला खाऊ घालून मारली.

वहिनी : हळू बोला ना!

टेलर : आता नीट ऐक. एवढं मोठं मैदान, एवढे मांडव, आणि गुलाबवाल्यांचा तर अख्खा एक मांडव आहे. तसाच गुलाब शोधायचा. आतून पिवळट अस्तर, वरून फिका गुलाबी, जुन्या साटीनसारखा. वास लिंबाच्या सालीचा. मला तो डोळे मिटून ओळखता येईल. संध्याकाळी तू तिला तुझ्याकडे चहाला अडकवून ठेव. मी पुढे जाऊन जुन्या कुंडीत नवा लावते. टाका दिसणार नाही.

वहिनी : पण खोड? म्हातारीचं खोड माझ्या मनगटाएवढं होतं.

टेलर : छाटणी केली म्हणून सांगू.

वहिनी : छाटणीने खोड बारीक होतं?

टेलर : वहिनी, तू माझ्या बाजूची आहेस की नाही?

* * *

मास्तरीण : अगं इकडे, इकडे या! हे काय आहे, हे बघा तरी! पान आहे की मखमल? हात लाव. अलगद लाव गं, कापड नाही ते!

टेलर : आई शप्पथ! याचा ब्लाउज शिवला ना, तर बाई घरातून बाहेरच पडणार नाही, आरशासमोर उभी राहील.

वहिनी : आणि तिकडे तुषार सोडलेत, वन्सं! सगळे फर्न एका मांडवात, छतापर्यंत! माझा चष्मा धुरकटला. ढगात शिरल्यासारखं वाटतंय!

मास्तरीण : सांभाळून. त्या पुढच्या बाईंच्या पिशवीतून बांबू बाहेर आलाय. त्या वळल्या की आपण सगळे आडवे.

टेलर : मी यंदा काहीही घेणार नाही. खिडकीत जागा नाही. मशीनवर उजेड येत नाही, गिऱ्हाईक म्हणतं, टेलरताई, काळ्यावर निळा दोरा घातलात. फक्त बघायचं.

मास्तरीण : मग हातात काय आहे?

टेलर : हे? हे धरलंय. गर्दीत पडलं असतं बिचारं.

मास्तरीण : आणि काखेतलं?

टेलर : ते याच्या सोबतीला.

वहिनी : वन्सं, हे बघा ना. मागच्या कोपऱ्यात पडलं होतं, टेबलाखाली. एकच पान आहे, तेही पिवळं. बाई म्हणाली, असंच घेऊन जा.

टेलर : ही बघा, आली अनाथालय उघडून. दरवर्षी मरतुकडं हुडकून काढते.

वहिनी : त्याला सोडून पुढे जाववेना.

मास्तरीण : दाखव. उलटं कर. मुळं पांढरी आहेत. जगेल हे. कुंडीच्या भोकातून बाहेर आलीत बघ, पायातली चप्पल लहान झालीय पोराची. मोठ्या कुंडीत हलव. आणि ऐक, खत घालू नकोस लगेच.

वहिनी : नाही! खत नाही. खत अजिबात नाही.

टेलर : खताचं नावही काढायचं नाही.

मास्तरीण : एवढं काय दचकायचं त्यात? टेलर, ते बघ, तुझी ती वेल! जांभळ्या फुलांची! तीन वर्षं शोधतेयस ना? एकच राहिलीय, आणि तो टोपीवाला तिकडेच निघालाय!

टेलर : कुठे? अरे बापरे! ओ काका! ओ टोपीवाले! बाजूला व्हा, ती माझी आहे!

वहिनी : पळाल्या की हो! गुडघा दुखतो म्हणत होत्या ना?

मास्तरीण : झाडासमोर कसला गुडघा. मिळाली, मिळाली! नाचतेय बघ ती. आणि टोपीवाला टाळ्या वाजवतोय.

वहिनी : वन्सं, ट्रॉलीत तुमचं एकही झाड नाही.

मास्तरीण : बघतेय की.

वहिनी : दरवर्षी तुमच्यासाठी दुसरी ट्रॉली घ्यावी लागते.

मास्तरीण : म्हटलं ना, बघतेय. ते तळ्यातलं कमळ केवढं, पाहिलंस? चल, तिकडे जाऊ. टेलर येईल मागून. कुठे निघाली ती?

वहिनी : त्यांना… गुलाबांकडे… नाही, गुलाबांच्या पलीकडे नळ आहे, तिथे हात धुवायचेत त्यांना.

* * *

टेलर : वहिनी! शूक! मास्तरीण कुठे?

वहिनी : तळ्यातल्या माशांशी बोलताहेत. मिळाला?

टेलर : मिळाला! शेवटच्या रांगेत, एका आजोबांकडे! पाटीवर नावही नाही. विचारलं, तर म्हणाले, जुना आहे, नाव कुणालाच माहीत नाही. हे बघ. अस्तर बघ. वास घे!

वहिनी : तोच! अगदी तोच! टेलरताई, मी तुम्हाला मिठी मारू का?

टेलर : काटे आहेत, नंतर मार. आधी लपव. तो फर्न दे इकडे, तो झिपऱ्या सुटलेला. गुलाबाच्या डोक्यावरून सोड. असा. झालं, पदर घेतलेली सून दिसतेय.

वहिनी : एक फूल बाहेर डोकावतंय.

टेलर : आत खुपस. आली, आली ती. हसू नकोस. रडूही नकोस. चेहरा नेहमीसारखा ठेव.

* * *

मास्तरीण : या बाकावर बसू. सावली आहे. टेलर, तुझा थर्मास काढ. आता माझेही पाय बोलायला लागले.

टेलर : बोलू दे. आज कोण गप्प आहे इथे? कुणाची ट्रॉली बघितलीस का? त्या दोघी तर अख्खं झाड डोक्यावर घेऊन गेल्या, पालखीसारखं. पुढच्या वर्षी आपण टेम्पोच सांगू.

मास्तरीण : तो फर्न तुझा?

टेलर : माझा. म्हणजे वहिनीचा.

वहिनी : आमच्या दोघींचा.

मास्तरीण : छान आहे. फर्नला काटे कधीपासून यायला लागले?

टेलर : चहात साखर कमी आहे का गं?

मास्तरीण : टेलर.

टेलर : नवीन जात असेल.

मास्तरीण : मघापासून लिंबाच्या सालीचा वास येतोय मला. मांडवात वाटलं, भास असेल. बाकावर बसले तरी वास येतोच आहे. वहिनी, माझ्याकडे बघ. म्हातारी गेली ना?

वहिनी : वन्सं, मी मुद्दाम नाही… दोन मुठी घातल्या…

टेलर : आणि मी दोन बाटल्या. एकमेकींना न सांगता. तिला फुलांनी भरलेली बघावंस म्हणून. आता बोल काय बोलायचं ते. ती बॅग परत मांडीवर घेते, घरापर्यंत.

मास्तरीण : दोन मुठी? आणि दोन बाटल्या?

टेलर : घट्ट बाटल्या.

मास्तरीण : अरे देवा! लाडाने जाळलीत तिला! दुष्काळातून वाचली, किडीतून वाचली, माझ्या लेकीच्या क्रिकेटच्या चेंडूने फांदी मोडली त्यातून वाचली, आणि तुमच्या… थांबा, मला हसू दे. चहा सांडेल. नाही, रडत नाहीये गं वहिनी, हसतेय. दोन्ही होतंय.

वहिनी : तुम्ही रागवा ना. रागावलात तर बरं वाटेल.

मास्तरीण : रागावू कुणावर? दोघींना किल्ल्या मीच दिल्या ना. आण ती इकडे. पदर काढ तिचा. हं. वास तोच आहे. पण ही म्हातारी नाही. म्हातारीची कुणीतरी नात असेल.

वहिनी : माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून दोन किल्ल्या?

मास्तरीण : नाही गं. मला बघायचं होतं, म्हातारी कुणाच्या हाती रमते. म्हणजे मग तिच्याकडेच ठेवता आली असती.

टेलर : ठेवता म्हणजे?

मास्तरीण : कायमची.

टेलर : हं.

मास्तरीण : तुला माहीत होतं.

टेलर : मला काय माहीत? तू एकदाही परतीच्या तिकिटाबद्दल बोलली नाहीस, महिन्याचे चार महिने केलेस, फोनवर नातीच्या ढेकराचंही वर्णन केलंस. तुझं इथलं विचारणं कमी कमी होत गेलं. एवढंच माहीत होतं.

मास्तरीण : लेक म्हणते, आई, तू आहेस म्हणून मला दोन घास निवांत मिळतात. नोकरी परत सुरू होईल तिची. म्हणते, इथेच राहा, ते घर विकून टाक. मी अजून हो म्हटलं नाही. म्हटलं, जाऊन येते, मग सांगते. सेलही आहे.

टेलर : त्यात सांगायचंय काय? जायलाच हवं. स्वतःची लेक, स्वतःची नात. आम्ही काय, कुठे पळतोय? तिकडेही झाडं असतीलच.

मास्तरीण : चौदावा मजला. बाल्कनी आहे, टॉवेल वाळत घालण्याएवढी. वारा असा, की कुंडी खालच्याच्या डोक्यात.

टेलर : मग टॉवेल वाळत घाल. सगळ्या आज्या घालतात. मी तुला चांगले दोन गाऊन शिवून देते, खिशांचे. पोरीची लाळ पुसायला रुमाल लागतो सारखा.

मास्तरीण : तूही जाच म्हणतेस.

टेलर : शहाण्या माणसाने दुसरं काय म्हणायचं?

मास्तरीण : भाऊही तेच म्हणाला. शेजारचे तेच म्हणाले. आगगाडीत समोर बसलेली अनोळखी बाई, तीसुद्धा तेच म्हणाली. वहिनी, तुझं काय?

वहिनी : माझं कुठे काय, वन्सं. तुम्ही म्हणाल तसं.

मास्तरीण : लग्न होऊन आलीस तेव्हापासून हेच ऐकतेय. पडदे कुठले घ्यायचे, तुम्ही म्हणाल तसे. मुलाचं नाव काय ठेवायचं, तुम्ही म्हणाल तसं. गुलाब मारलास, तेवढाच काय तो स्वतःच्या मनाने.

वहिनी : तुमच्या भावाने बजावलंय मला. वन्संना काही विचारायचं नाही. त्यांचं मन चळेल असं काही बोलायचं नाही.

मास्तरीण : बरं केलं त्याने. चला, उठा. अजून बियांचा मांडव राहिलाय. ही नात कुठे ठेवायची? टेलरच्या मांडीवर?

टेलर : मांडी भरलीय माझी. वहिनी, तू धर. अगं, घट्ट धरलंस तर टोचेल. वहिनी?

(वहिनी कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाकावर तशीच बसून राहते.)

वहिनी : वन्सं, जाऊ नका.