फ्रान्सचा बेगुनाह आणि आमचा हौद

…आणि नेमकी तिथंच लाईट गेली! तुम्हाला सांगतो, शेवटची दहा मिनिटं राहिलेली. दहाच! दोन तास तो बेगुनाह माणूस पॅरिसच्या गल्ल्यांमधून पळतोय, मागं पोलीस, वरून पाऊस. (पाऊस बघून अर्धा हॉल उसासे टाकत होता, आमच्याकडं दोन वर्षं ढग नुसते येऊन बघून जायचे.) पळत पळत तो एका दारापाशी येतो, थाप मारतो, दार आतून उघडतं, खरा खुनी कोण ते आता दिसणार… आणि फट्! अंधार! नांदेडच्या कॉलेजचा हॉल, दीडशे माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी एकच शब्द. तो मी इथं सांगत नाही.

अर्धा तास बसलो, लाईट आली नाही. यंत्रवाल्याला दुसऱ्या गावाची गाडी गाठायची होती, त्यानं रिळं डब्यात भरली आणि निघाला. मी त्याच्या मागं धावलो हो, या वयात! म्हटलं, "अहो, निदान सांगून तरी जा, खून कुणी केला?" तर म्हणतो कसा, "साहेब, आमी मशीनकडं बगतो, पडद्याकडं न्हाई."

आता माझं चुकतही असेल म्हणा, पण इतकं थोर चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. एक पियानो सुरात लावणारा कारागीर. आपल्याकडं पेटी दुरुस्त करणारे असतात तसा. साधा, पापभीरू. एका बाईंच्या घरी पियानो लावून येतो आणि संध्याकाळी त्या बाईंचा खून! दारवान म्हणतो, याला जाताना पाहिलं. पाववाली म्हणते, हा घाईनं चालला होता. शेजारीण म्हणते, पियानो वाजता वाजता थांबला. आणि गंमत बघा, सगळे खरं बोलतात! एकही साक्षीदार खोटारडा नाही! प्रत्येकाचं खरं, आणि सगळं मिळून मात्र खोटं! मी खुर्चीत थिजलो. तीस वर्षं मुलांना शिकवलं की दहा मापं बरोबर आली की उत्तर बरोबर… आणि इथं तो माणूस फासावर चाललाय! मध्येच तो एकदा आपल्या हातांकडं बघतो. नुसता बघतो, एक शब्द नाही. जणू विचारतोय, बाबांनो, तुम्ही तर माझेच ना? अंगावर काटा आला हो. त्या देशात माणसं काय बारकाईनं विचार करतात! मी मनात म्हटलं, आपण पीएच.डी. केली ती उगीचच.

तर ते डोक्यात घोळवत रविवारी दुपारी लातूरच्या एसटीत बसलो. लोहा आलं तेव्हा मला वाटलं, खुनी दारवान. अहमदपूरला वाटलं, छे, पाववाली. चाकूरला तर त्या कारागिरावरच संशय आला. मग स्वतःची लाज वाटली. आणि लातूरला उतरून कॉलनीत शिरतो, तर फाटकापाशी ही गर्दी!

आमची कॉलनी म्हणजे काय, तर लातूर जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब आले, साहेबांमागून कॉलन्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. चौथ्या दिवशी एक टँकर. चढावर फाटकापाशी सिमेंटचा हौद बांधलेला, टँकर सकाळी त्यात रिकामा व्हायचा, आणि संध्याकाळी पाच वाजता आमचा पाणीवाला रामकिशन घराप्रमाणे मोजून बादल्या द्यायचा. आम्ही म्हातारे-कोतारे एक-दोघं तेवढे सकाळीच घ्यायचो, तशी सवलत होती. शनिवारी टँकर आला, हौद भरला. आणि पाच वाजता झाकण काढलं तर हौद कोरडा! तळाला गाळ! वीस घरं, चार दिवस, आणि पाणी गायब!

सेक्रेटरी ईश्वरप्पा म्हणजे आवाज मोठा, बाकी माणूस चांगला. मला बघताच ओरडले, "सर आले! बरं झालं! आता चौकशी सरच करतील. सर डबल एम.एस्सी., पीएच.डी. आणि मुख्य म्हणजे शनिवारी सर गावातच नव्हते. यांच्याइतका निःपक्षपाती माणूस मिळणार कुठं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली! माझं चुकतही असेल, पण तेव्हा मला ते तर्कशुद्ध वाटलं.

आणि तो रामकिशन… भिंतीला टेकून उभा. म्हणाला, "सर, म्या पानी इकलं न्हाई. माझी चाकरी गेली तर जाऊ द्या, पर चोर म्हनून नगं. चाकूरला माझ्या पोरीची सोयरीक ठरून राहिलीय. पावने इचारतेत ना, बाप काय करतो म्हनून." आणि त्यानं दोन्ही हात पुढं करून त्यांच्याकडं पाहिलं.

मला पॅरिस दिसलं हो! हुबेहूब! म्हटलं, हा बेगुनाह. आता याला आपणच वाचवायचं, फ्रान्सच्या पद्धतीनं!

दुसऱ्याच दिवशी ओसरीत टेबल मांडलं. चित्रातला इन्स्पेक्टर साक्षीदाराच्या तोंडावर दिवा धरतो, म्हणून टेबललॅम्प काढला. लाईट नव्हती. तसंच विचारलं.

पहिला वीरण्णा, टँकरचा ड्रायव्हर, निलंग्याकडचा. "सर, फुल्ल टँकर वतलाय मी. थेंब राखला असंल तर बसवण्णाची आण." खरं होतं.

मग शेजारच्या साखराबाई. "दुपारी रामकिशन हौदापाशी होता वो सर. वाकून आत बगून राहिला होता. म्या डोळ्यानं बगितलं." हेही खरं. तो म्हणाला, "पानी कमी दिसलं सर, म्हनून वाकलो. वाटलं, टँकरच कमी आला."

मग स्वतः ईश्वरप्पा. "चार वाजता त्याच्या सायकलला दोन कॅन होते, सर! दोन!" खरंच होते. रामकिशन म्हणाला, "रिकामे होते की. माझ्या वाट्याचं पानी न्यायला आनले होते."

तुम्हाला सांगतो, मला दरदरून घाम फुटला. सगळे खरं बोलत होते! सगळं खरं, आणि मिळून रामकिशन चोर! आठ दिवस मी झोपलो नाही. वहीत वर्तुळं काढतोय, बाण काढतोय. हिनं विचारलं, "अहो, काय चाललंय?" मी म्हटलं, "सत्य शोधतोय." ही म्हणाली, "शोधा, पण आधी चष्मा शोधा, कपाळावर आहे."

नवव्या दिवशी सकाळी साखराबाई कुंपणावरून डोकावल्या. "सर, तुमच्या घरामागं कसं हिरवंगार झालंय वो! सगळ्या गावाचं रान करपलं अन् तुमच्याकडं तांदुळजा उगवून राहिला. सरांच्या हाताला गुण हाय!"

हिरवं? म्हटलं, हिरवं कसं? मागं गेलो. घरामागं एक नाली आहे, वर शहाबादी फरश्या टाकलेल्या. आणि फरश्यांच्या दोन्ही अंगांनी, काळ्या मातीच्या भेगांमधून लुसलुशीत तांदुळजा. असा रांगेनं, थेट उताराकडं. आणि पहिल्या फरशीखालून एक काळं टोक डोकावत होतं. रबरी पाइपाचं. माझ्या पाइपाचं.

खाली बसलो. अक्षरशः बसलो.

आता सांगू नये, पण सांगतो. बाकी म्हातारे बादलीनं पाणी काढायचे. मी पाइपानं. एक तर माझे गुडघे, आणि दुसरं म्हणजे… विज्ञान! पाइपाचं एक टोक हौदात, दुसऱ्या टोकाला तोंड लावून एकदा ओढायचं, की पाणी काठ ओलांडून आपोआप उतारावर माझ्या मागच्या दारात. सायफन! शनिवारी सकाळी दोन बादल्या भरल्या, तेवढ्यात नांदेडच्या गाडीची वेळ झाली. माझा जुना विद्यार्थी तिकडं प्राध्यापक, त्यानं पत्र पाठवलं होतं, सर, फ्रान्सचं चित्र येतंय, चुकवू नका. मी पाइप तिथंच नालीपाशी टाकला आणि धावलो. हौदातलं टोक हौदातच. पाण्याला काय, सायफन एकदा सुरू झाला की तो कुणाची परवानगी घेत नाही. सकाळी नऊपासून हौद आटेपर्यंत फरशीखालून गपगुमान वाहत राहिलं, भेगांनी पिऊन टाकलं. दुपारी रामकिशनला पाइप दिसलाही असेल, पण तो तिथं नेहमीचाच. मग पोरांनी खेळायला ओढून हौदातलं टोक बाहेर काढलं असणार, म्हणून पाच वाजता कुणाला दिसलं नाही. म्हणजे तिकडं एक बेगुनाह पळतोय म्हणून माझा जीव तळमळत होता, आणि इकडं दुसरा बेगुनाह मी स्वतः तयार करून गेलो होतो!

आणि माझी पीएच.डी. कशात आहे माहिती आहे? बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो. तीनशे बारा पानं!

मी आधी हिला सांगितलं. ही काय म्हणाली असेल? एका क्षणात म्हणाली, "तुम्हीच केलं असणार." तुम्हाला सांगतो, त्या सगळ्या प्रकरणात माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवणारी ही एकटीच.

कारण रविवारी बैठक भरली. टँकरचे मालक, वीस घरांचे पुरुष, कडेला बायका, रामकिशन उभाच. मी उठलो. म्हटलं, "चौकशी पूर्ण झाली. रामकिशन निर्दोष आहे. पाणी मी घालवलं."

ईश्वरप्पांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि म्हणाले, "बघा! बघा, याला म्हणतात शिक्षण! गरिबाला वाचवायला सरांनी आळ स्वतःवर घेतला!"

"अहो, घेतला नाही, माझाच आहे!"

"बघा! अजून तेच म्हणतात!"

टाळ्या! रामकिशन माझ्या पायावर! "सर, माझ्यासारख्यासाठी कामून खोटं बोलून राहिलाव?" मी म्हटलं, "अरे, खोटं नाही रे!" तर तो आणखीच रडायला लागला.

मग मी खडू घेतला, फरशीवर हौद काढला, पाइप काढला, बाण काढले. ईश्वरप्पा मान तिरकी करून बघत होते. "म्हणजे सर, पाणी आपोआप वर चढतं?"

"चढतं."

"मोटरीशिवाय?"

"मोटरीशिवाय!"

"मग सर, त्या धरणाचं पाणी तसंच आणा की लातूरला. टँकर कामून लावायचे?"

हशा. मी चिडून म्हटलं, "एक बादली पाणी द्या, इथंच करून दाखवतो!" आणि सगळे हसायचे थांबले. वीस घरांतून एक बादली पुढं येईना. कुणी आभाळाकडं बघतंय, कुणी चपलेकडं. मी हिच्याकडं पाहिलं. म्हटलं, "थेंब सांडणार नाही." ही म्हणाली, "मागच्या वेळी तेच म्हणाला होतात."

एकच माणूस माझ्या बाजूनं बोलू शकत होता… वीरण्णा. त्याच्या तोंडावर दिसत होतं, त्याला सगळं पटलंय. बैठकीआधी मी त्याला पाइपाचं सांगितलं, तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं होतं. "सर, तुमचं खरं हाय. नळीनं असंच येतंय. मी डिझेल तसंच काढतो. पर बैठकीत मला इचारू नका, मालक बसनार तिथं."

म्हणजे बघा, ज्याला विज्ञान कळतं त्याला बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येतं त्यांना… माझं चुकतही असेल म्हणा.

पुढं काय? मला शाल मिळाली. ऐन उन्हाळ्यात, लोकरीची. लगेच सर्वानुमते पाणी समितीचा अध्यक्षही केलं, कारण म्हणे असा प्रामाणिक माणूस जिल्ह्यात नाही. आणि ईश्वरप्पांनी तिथंच वहीत ठराव लिहिला: "अध्यक्षांच्या विनंतीवरून रामकिशन यास या खेपेस माफ करण्यात येत आहे."

माफ! मी म्हटलं, "माफ कशाबद्दल? त्यानं केलंच काय?" ईश्वरप्पा कानाशी आले. "सर, आता ताणू नका. लोकांचं मन बदललं तर त्याची चाकरी जाईल. ठरावावर सही झाली की विषय संपला." आणि रामकिशन हात जोडून म्हणाला, "करा सर. चाकूरच्या पावन्याला दाखवायला कागद तरी होईल."

कागद! आपल्याला चोरीची माफी मिळाल्याचा कागद तो पाहुण्यांना दाखवणार होता! नाही म्हणावं तर नोकरी जाते, हो म्हणावं तर नाव जातं. आणि तो माझ्याकडं बघतोय, देवाकडं बघावं तसा. मी त्याला हळूच म्हटलं, "रामकिशन, हा कागद कुणाला दाखवू नकोस. पाहुण्यांना मी स्वतः येऊन सांगीन." तर त्याचा चेहरा असा काही उजळला! "सर सोता येनार?" पण सही नको म्हणाला नाही.

केली. अध्यक्ष म्हणून केली. डबल एम.एस्सी., पीएच.डी., सगळं खाली लिहिलं. आणि तुम्हाला सांगतो, तीनशे बारा पानांच्या माझ्या प्रबंधावरसुद्धा इतकी देखणी, इतकी ठाम सही मी कधी केली नव्हती.