बाळकृष्णाची जागा

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. ब्रह्म काय, माया काय, ते उद्या बघू. आज विचारतो ते एवढंच — माणूस प्रवासाला निघाला, बॅग गच्च भरली, आणि ऐन वेळी आपल्या माणसाला काहीतरी न्यायचंय. जागा नाही. मग बाहेर काय काढायचं?

बघा, बायका हसायला लागल्या. पुरुष मात्र गंभीर! म्हणजे घरोघरी हा प्रसंग घडतोच.

दोन ओळी ऐका. माझ्याच आहेत हं, पोथीत शोधू नका —

वस्त्रे भरली, पात्रे भरली, गाठोडे झाले थोर।
ज्याच्यासाठी निघणे होते, तो राहिला बाहेर॥

तर ऐका. सिन्नरला विद्याधर चंद्रात्रे नावाचे एक गृहस्थ. सगळी नोकरी फिरतीची. बियाण्यांच्या कंपनीत होते. आज जालना, उद्या परभणी, परवा आणखी कुठं. घर कमी, लॉज जास्त! अशा माणसाला एक विद्या येते, मंडळी. तुम्हाआम्हाला येत नाही ती. बॅग भरण्याची.

आपण कशी भरतो? दिसेल ते कोंबतो, वर बसतो, आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला हाक मारून बोलावतो — "ये गं, जरा चेन लावायची आहे." विद्याधरपंतांचं तसं नाही. जड ते चाकांच्या बाजूला. सदऱ्याच्या घड्या नाहीत, सुरळ्या. सुरळी केली की जागाही वाचते आणि चुणीही पडत नाही. मोजे बुटांच्या पोटात. टूथपेस्टचं टोपण लावून वर प्लास्टिकची पिशवी, म्हणजे फुटली तरी धोतराला पुदिन्याचा वास येणार नाही. अहो, पाहत राहावं! गवंडी भिंत बांधतो तशी बॅग भरायची. आणि नियम एकच — एक वस्तू आत गेली तर एक बाहेर आली पाहिजे. बॅगेला हात दुसऱ्या कुणी लावायचा नाही. "तुला काय हवं ते सांग, मी काढून देतो. तू हात घातलास की रचना मोडते." हे कुणाला? बायकोला. कुमुदताईंना.

आता कुमुदताई कोण, ते कळलं पाहिजे. नवरा गावोगाव हिंडला, आणि ही बाई सिन्नर सोडून कुठं गेली नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं हिच्या हातून. तक्रार नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "जाऊ की, सवड झाली की." सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं. विद्याधरपंत निवृत्त झाले, आणि एक दिवस म्हणाले, "कुमुद, उटीला जाऊ."

बाई लाजली हो! या वयात लाजली. दोघांचा जन्मातला पहिला एकत्र प्रवास. बॅग एकच, दोघांत मिळून.

निघायच्या दिवशी सकाळी पंत जमिनीवर मांडी घालून बसले. उटीची थंडी म्हणून स्वेटर, चालायला बूट, हिच्या साड्या, शाल, औषधं. सगळं बसलं. सुईला जागा नाही! पंत स्वतःच्याच कामावर खूश होऊन बघतायत, आणि कुमुदताई दारात आल्या. हातात पितळी डबी.

"अहो, एवढं मावेल का?"

"काय आहे?"

"बाळकृष्ण."

मंडळी, आपल्याकडं मुलगी सासरी निघाली की आई तिच्या हातात अन्नपूर्णा देते, बाळकृष्ण देते. रांगता बाळकृष्ण, एका हातात लोण्याचा गोळा. कुमुदताईंच्या आईनं दिलेला. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला या बाईनं आंघोळ घातली नाही, असा दिवस नाही. सासूचं औषध एखाद वेळी उशिरा झालं असेल, याची दूधसाखर नाही. आणि ज्या घरात पाळणा हलला नाही, मंडळी, त्या घरात रांगणारा तो एकच होता. जास्त बोलत नाही. समजून घ्या.

पंत म्हणाले, "डबी आली की ताम्हन आलं, निरांजन आलं, त्याचे कपडे आले. सहलीला चाललोय का पूजेला?"

"ताम्हन नको. लॉजवर वाटी मिळेल. माझी एक साडी काढा."

"साडी काढून काय होतंय, आकार वेगळा आहे. हे बघ, घर बंद करून जाताना देव तांदळात ठेवायचे ही आपल्या घरची रीत आहे. आई ठेवायची, आजी ठेवायची. देव उपाशी राहत नाहीत. मी नाही म्हटलं ना!"

रीत खरी आहे हो. शास्त्रात चूक नाही. पण बरोबर असणं आणि बरं असणं यात फरक असतो की नाही? पेटीवाले मान हलवतायत. घरी काहीतरी झालेलं दिसतंय.

कुमुदताईंनी डब्यात तांदूळ घेतले, सगळे देव निजवले. बाळकृष्णाला शेवटी ठेवलं. त्याच्यावरून बोट फिरवलं आणि झाकण लावलं. मग किल्ली द्यायला शेजारी शालनवहिनींकडं गेल्या — "रोज दिवा लावा, आणि झाकण काढून त्या बाळाला दूधसाखर दाखवा हो."

इकडं पंत एकटे. त्यांनी बोट फिरताना पाहिलं होतं! मंडळी, नवरा कितीही हट्टी असला तरी आंधळा नसतो. उठले. हात धुतले. तांदळात हात घालून बाळकृष्णाला काढलं, डबीत ठेवलं. आता बॅग! नियम काय? एक आत, एक बाहेर. स्वतःचा स्वेटर काढला. झाली जागा. पण शेजारी काय? बूट! पायातलं आणि देव शेजारी शेजारी? पंतांच्या जिवाला बरं वाटेना. बूटही काढले, मोज्यांसकट. दोन्ही कपाटात. डबी आपल्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून मधोमध ठेवली. चेन लावली. बायको आली तर हा माणूस पेपर वाचतोय!

आता सांगा, काय बिघडलं असतं तिला सांगायला? दोन शब्द — "घेतलाय गं." पण नाही! नाही म्हणून बसले होते ना! नाहीवरून होवर यायचं म्हणजे पुरुषाला घाट चढावा लागतो. मनात म्हणाले, गाडीत सांगू. गाडीत कुमुदताई खिडकीकडं तोंड करून पदरानं डोळे टिपत होत्या. पंतांना दिसत होतं. मनात म्हणाले, उटीला पोचलो की सांगू.

उटीला पोचले. काय ती थंडी! पंत चपला घालून, अंगात सुती सदरा.

"अहो, स्वेटर घाला की."

"विसरलो."

"आणि बूट?"

"तेही."

कुमुदताई आधी बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. "तुम्ही विसरलात? तुम्ही?" पोट धरून हसल्या. आणि पंतांनी ते सोसलं. जन्मभराची विद्या पणाला लावली, विसरभोळा म्हणवून घेतलं, पण तोंड उघडलं नाही. याला प्रेम म्हणावं की खोड? मला विचाराल तर दोन्ही. एकाच सुरळीत गुंडाळलेलं!

संध्याकाळी पंत कुडकुडत बाजारात गेले, काहीतरी उबदार मिळतंय का बघायला. खोलीत कुमुदताई एकट्या. फोन वाजला. शालनवहिनी.

"कुमुद, रागावू नकोस गं. झाकण काढलं. सगळे देव आहेत. बाळकृष्ण नाही. तांदूळ परातीत ओतून पाहिले."

पंत नवा स्वेटर आणि कानटोपी घालून परत आले, तर बायको पलंगाच्या कडेला पिशवी घेऊन बसलेली. चेहरा पांढराफटक.

"चला परत."

"काय झालं?"

"तो गेला. मी त्याला तांदळात टाकून मजा करायला आले ना, रुसून गेला. आईनं दिलेला होता हो. मिळेल त्या गाडीनं चला, मला इथं एक घोट पाणी जाणार नाही."

आता तरी बोल ना रे बाबा! पंत खाली बसले, बॅग उघडली, धोतराची गुंडाळी सोडली आणि डबी तिच्या हातात ठेवली.

तुम्हाला वाटेल, बाई आनंदानं रडली. नाही. तिनं झाकण काढलं, बाळकृष्णाला पाहिलं, छातीशी धरलं, आणि नवऱ्याकडं बघितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी गाडीत रडत होते, तेव्हाही?"

"हो."

"मग?"

"नाही म्हटलं होतं ना मी." मान खाली घालून म्हणाले.

मग तिची नजर त्यांच्या पायांकडं गेली. चपलेतली बोटं थंडीनं निळी पडलेली.

"बूट विसरला नव्हतात तुम्ही."

"देवाच्या शेजारी कसे ठेवणार?"

कुमुदताईंनी आपली शाल काढली, त्यांच्या पायांवर घातली आणि म्हणाल्या, "अहो, नुसतं सांगितलं असतंत, तर मी तुमचे बूट डोक्यावर घेऊन आले असते."

मंडळी, मघाचा प्रश्न. बाहेर काय काढायचं? स्वेटर काढणं सोपं आहे. बूट काढणंही सोपं. आपण आपल्या माणसांसाठी काय काय सोडतो! झोप सोडतो, घास सोडतो, आणि सांगत मात्र नाही. का? तर परवा आपण नाही म्हणून बसलोय. आणि ते माणूस पलीकडच्या खोलीत समजतंय की आपल्यासाठी यांच्याकडं जागाच नाही.

देवाला तुमच्या मनातलं कळतं. तो तांदळातही ऐकतो, बॅगेतही ऐकतो. बायकोला कळत नाही. मुलाला कळत नाही. म्हाताऱ्या बापाला तर नाहीच नाही. त्यांना सांगावं लागतं.

आता आरती होईल, प्रसाद घ्याल, घरी जाल. दारात चपला काढायच्या आधी त्या माणसाला सांगून टाका. आणि जे घरी कुणाशी बोलत नाहीयेत — मी नावं घेत नाही, तिसऱ्या खांबाशी बसलेत — त्यांनी आरतीपर्यंतही थांबू नये. समोर बायकांमध्ये बसलीय ती. बघतेय तुमच्याकडंच.