वत्सलेच्या हातची अंगठी

मंडळी, आख्यानाला सुरुवात करण्याआधी एक काम करा. डोळे मिटा! सगळ्यांनी! अहो, मागच्या खांबाला टेकलेले काका, तुमचे आधीच मिटलेत — तुम्ही तेवढे उघडा!

मिटले? आता घरातल्या जिवाभावाच्या माणसाचा हात आठवा. चेहरा नव्हे, हात! बोटं लांब की आखूड? नखं कशी? कुठे तीळ, कुठे चटका? ... नाही ना आठवत? ज्या हातचं दोन वेळा जेवतो, तो हात आठवत नाही! मग ज्याला आपण ‘माझं माणूस’ म्हणतो, त्याला आपण ओळखतो तरी किती? आज हाच प्रश्न घेऊन उभा आहे. उघडा डोळे, आणि ऐका.

जयगडच्या खाडीकाठी एक गाव. तिथला श्रीधर भाटकर — मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या खोलीत काम करणारा. नऊ महिने दर्यावर, तीन महिने घरी. असा पंचवीस वर्षांचा संसार! पेटीवाले बुवा, तुम्ही हुशार, सांगा बघू — प्रत्यक्ष संसार किती झाला? सव्वासहा वर्षं! आणि बाकीची? बाकी सगळी वाट बघणं, मंडळी. याने तिची, तिने याची.

ती म्हणजे वत्सला, त्याची बायको. लग्नानंतर श्रीधर पहिल्यांदा निघाला, तेव्हा सासूने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “सूनबाई, दर्यावर निघालेल्या माणसासमोर रडायचं नाही गो. पाण्याला पाणी दाखवू नये.” झालं! पंचवीस वर्षं वत्सला दारात हसत उभी! पापणीवर एक थेंब यायचा आणि तिथेच थांबायचा. खाली पडायचा नाही. श्रीधर तो थेंब बघायचा, आणि मुकाट्याने रिक्षात बसायचा. मग नऊ महिने तोच थेंब त्याच्या डोळ्यांसमोर.

तर लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला. हा कुठे? समुद्रात! पण आता जहाजावरसुद्धा इंटरनेट. श्रीधर म्हणाला, या वेळी वत्सलेला हिऱ्याची अंगठी! कामाची पाळी संपवून, हाताचं ग्रीस धुऊन बसला मोबाइल घेऊन. दुकान उघडलं, आणि पहिलाच प्रश्न आला — हिऱ्याचा आकार निवडा!

अहो, आकार म्हणजे काय एक-दोन? गोल, लंबगोल, चौकोनी, बदामाचा, होडीसारखा दोन्हीकडे टोक असलेला! नावं तरी काय एकेक! एकाचं नाव कुशन — म्हणजे उशी! एकाचं पेअर — म्हणजे नासपती! हिऱ्याला फळाचं नाव! उद्या ‘दुधी भोपळा’ कापाचा हिरा निघाला, तर आमच्या काकू आधी घेतील! हसू नका काकू, तुम्हालाच म्हणतोय.

बिचारा गोंधळला. तेवढ्यात दुकानातल्या मुलीचा संदेश आला, “सर, मॅडमची बोटं कशी आहेत? लांबसडक बोटांना वेगळा आकार शोभतो, आखूड बोटांना वेगळा.”

श्रीधरने संदेश पुन्हा वाचला. बोटं? वत्सलेची बोटं? काही केल्या आठवेनात! शेवटी त्याने लिहिलं, “चांगली आहेत.” चांगली! अहो, बोटं म्हणजे काय बिऱ्हाडकरू आहेत, चांगले-वाईट असायला?

मग त्याने मोबाइलमधले जुने फोटो उघडले. लग्नातला — हात हाराआड. मुलीच्या बारशाचा — हात बाळाखाली. गणपतीतला — हात ताटाखाली! पंचवीस वर्षांचे फोटो, आणि बाईचा हात एकातही दिसेना. दिसणार कसा? हात कामात होते, मंडळी!

त्याने घरी फोन लावला. चेहरा दिसणारा. “वत्सले, जरा हात दाखव गो.”

“आता? पिठाचे आहेत माझे हात.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “दाखव ना हात.”

“मासे साफ करत्येय. वास येईल तुम्हाला.” फोनमधून वास!

तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, हातात काय बघायचंय? तोंड बघा की माझं.” आणि हसली. तेच दारातलं हसू! त्याला वाटलं, जहाजावरून उडी टाकावी आणि पोहत घर गाठावं. इतकी आठवण आली त्याला तिची!

चौथ्या दिवशी आकार ठरला. कुठला, सांगा? दुकान ज्याला नासपती म्हणतं, तो त्याला नासपती दिसलाच नाही. वर निमुळता, खाली भरलेला... पापणीवरचा थेंब! पंचवीस वर्षं न पडलेला! बोट दाबलं, थेंब निवडला. बोटाचं माप वत्सलेने कळवलं. अंगठी घरी पोचली.

संध्याकाळी तिचा फोन. “बघा, छान बसली!” आणि समोर एक हात. गोरा, गुबगुबीत, बोटात थेंबाचा हिरा लखलखतोय.

श्रीधरने बघितलं. पुन्हा बघितलं. म्हणाला, “हा हात तुझा नव्हे.”

“काहीतरीच! माझाच आहे.”

“वत्सले, हा हात तुझा नव्हे!”

अरे! ज्याला चार दिवस बोटं आठवत नव्हती, त्याला हे कळलं कसं? ऐका! त्या हाताची करंगळी सरळ होती. आणि ती सरळ करंगळी बघितल्याबरोबर त्याला लग्नाचा दिवस आठवला. परातीत हळदीचं पाणी, त्यात टाकलेली अंगठी, दोघांनी हात घालून शोधायची — तुम्ही सगळे खेळलाय हा खेळ! भोवती बायका ओरडतायत. श्रीधरला काही अंगठी सापडेना. इतक्यात पाण्याखाली एक हात त्याच्या हातात आला, तळव्यावर अंगठी ठेवली, आणि वाकड्या करंगळीने त्याची मूठ मिटून दिली. लहानपणी वरवंट्याखाली सापडलेली ती करंगळी! बायका म्हणाल्या, नवरा जिंकला! खरं काय ते पाण्याला ठाऊक आणि या दोघांना.

डोळे विसरले होते, मंडळी. तळहात विसरला नव्हता.

फोन हलला. पडद्यावर लेकीचा चेहरा आला, मुक्ताचा. “बाबा, माझा हात आहे. आईच्या बोटात अंगठी गेलीच नाही. तिने माप दिलं ते लग्नातल्या अंगठीचं. दोन वर्षं झाली, सांधे सुजलेत तिचे. बोटं वळत नाहीत.”

मागून वत्सला म्हणाली, “तुम्ही तिकडे पाण्यावर. सांगून काय करणार होता, काळजीच ना? आणि अंगठी शोभावी असा हात राहिला नाही हो माझा. तो बघून तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“दाखव.”

तिने हात पुढे केला. फुगलेले सांधे, एका बाजूला झुकलेली बोटं. आणि टोकाला ती करंगळी, होती तशी वाकडी.

“हां. हा!” श्रीधर म्हणाला. घरी यायला अजून अडीच महिने होते. त्या अडीच महिन्यांत रोज फोनवर वत्सला आधी हात दाखवायची, मग तोंड.

अडीच महिन्यांनी तो घरी आला. पाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाला, “परात आण. हळद टाक पाण्यात.”

“या वयात? मुक्ता हसेल!”

“हसू दे.”

थेंबाचा हिरा पाण्यात गेला. दोघांनी हात घातले. तिची बोटं वळेनात, अंगठी निसटून निसटून जाई. याला तर पहिल्याच झटक्यात सापडली! पण पठ्ठ्या शोधतोय, शोधतोय... आणि पाण्याखाली हळूच तिच्या तळव्यावर ठेवली. तिची बोटं त्याने आपल्या हाताने मिटली, एकेक करून. “घे, या वेळी तू जिंकलीस.”

आणि वत्सलेच्या पापणीवरचा थेंब परातीत पडला. ती म्हणाली, “पडू दे. आज तुम्ही निघाला नाहीत, आलायत.”

अंगठी बोटात गेली नाही, ती मंगळसूत्रात ओवली. पुन्हा तो दर्यावर गेला — पोट आहे ना! पण आता वत्सला दारात उभी राहते, ती हात पदराखाली लपवत नाही. वर करून हलवते.

मंडळी, आकार निवडायला चार दिवस लागले. हात ओळखायला क्षणही लागला नाही. पण त्यासाठी कधीतरी तो हात हातात घेतलेला असावा लागतो! तुम्ही घेतलाय? शेवटचा कधी? देवाचंही तेच. मुकुट बघता, हार बघता, आणि आशीर्वादाला उचललेला हात न बघताच प्रसादाच्या रांगेत पळता!

आता आरतीला उठायचंय. एकट्याने उठू नका. शेजारी आपलं माणूस बसलंय, त्याचा हात धरून उठा. आणि सोडण्याआधी, एकदा नीट बघा.