पॅक वाळेपर्यंत

नाही नाही, बोलायचं नाही मॅडम — तोंड हललं की पॅकला भेगा पडतात, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. डोळ्यांवरचा कापूसही काढायचा नाही. वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. आमचा धंदाच असा आहे — भुवया करताना दोरा माझ्या दातांत, तेव्हा बोलायची पाळी तुमची. आता पॅक तुमच्या तोंडावर, आता पाळी माझी. आणि आज थर जरा जाडच दिलाय मी.

काय सांगत होतात मघाशी — तो लिफ्टचा पिक्चर? मंगळवारी बघितलात, त्यांच्याबरोबर. अहो, मीही बघितला की! शनिवारी. आमच्या ह्यांनी नेलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा — एरवी प्रेमाचा पिक्चर म्हटलं की ह्यांचं डोकं दुखतं, आणि शनिवारी आपणहून, "चल, तयार हो." ठेवणीतले कपडे काढले मी. आणि काय हसले हो! तो हिरो लिफ्टमध्ये अडकतो, शेजारच्या बाईला होणाऱ्या सासूच्या कागाळ्या सांगत बसतो — आणि सासू तीच! पोट दुखायला लागलं माझं. पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले, म्हटलं बघेनात का. ह्यांनी हात धरला होता माझा. चारचौघांत.

पण एक सांगू? हे आधी हसत होते. म्हणजे गंमत व्हायच्या आधी. सासूने अजून तोंड उघडलेलं नाही आणि ह्यांचं खो खो सुरू. एकदा झालं, म्हटलं असेल. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा — सगळं थिएटर नंतर हसतंय, आमचे हे आधी! आणि ती हिरॉईन बॅग घेऊन बसस्टॉपवर येते ना, तुम्ही रडलात म्हणालात तो सीन — ती बया अजून रस्ता ओलांडतेय आणि ह्यांचा रुमाल माझ्या मांडीवर हजर! आधी कुणीतरी रडलं असणार ना त्या जागी, त्याशिवाय का? विचारलं मी, "आधी बघितलाय का हो?" "छे, मला कुठे वेळ!" धडधडीत खोटं. माझी सगळी मजा उष्टी होती, मॅडम. दुसरीच्या ताटातली. आणि सांगायला लाज वाटते — कळल्यावरही मी हात सोडवून घेतला नाही. पार पिक्चर संपेपर्यंत. हे कशाला बोलले मी? जाऊ दे.

हलू नका म्हटलं ना!

तुमचा फोन इथे आरशापुढे आहे. मघाशी भुवया चालू असताना वाजला. दोन्ही हातांनी तुम्ही पापणी ताणून धरलेली, म्हणालात, "त्यांचाच असेल, पाचला करतील परत." फोटो आला त्यावर. चौकड्यांचा शर्ट, हसतोय. तो फोटो मी काढलाय, मॅडम. आमच्या गच्चीवर. कोपऱ्यात गुलाबी डाग दिसतो ना तुम्हाला? अंगठा आहे माझा. साधा फोटो काढता येत नाही म्हणून दोन दिवस बोलत होता मला.

डावी भुवई तेव्हा अर्धीच झाली होती. मनात आलं — एक पीळ जास्त दिला की साफ, बस म्हणावं महिनाभर पेन्सिलने काढत. नाही केलं. हातची कला आहे, ती कशाला नासवू? तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, हळूच, अगदी कळवळून — "बिचारे एकटे आहेत हो. बायको वारली, चार वर्षं झाली." दात असे आवळले माझे की दोराच तुटला. तुम्हाला वाटलं, दोरा कच्चा. कशाने वारले हो मी? काय सांगितलं त्याने? ताप? अपघात? सकाळी डबा करून दिलाय मी त्याला, वर चटणी कमी दिली म्हणून बोलणी खाल्लीत!

रडताय? रडू नका, ओघळ पडतात. तुम्हाला माहीत नव्हतं — कळतंय मला. राग होता तुमच्यावर, मघापर्यंत होता, नाही कशाला म्हणू. तुम्हाला मध्ये बोलता येऊ नये म्हणूनच एवढा जाड थर दिला. पण आता तुम्ही नाही, मला तो माणूस हवाय. काय करू त्याचं, सांगा? कुलूप बदलू? त्याच्या ऑफिसात जाऊन चारचौघांत शोभा करू? छे, तेवढ्याने माझं भागणार नाही. जन्मभर कुठल्याही थिएटरात दिवे गेले की त्याने आधी मान वळवून बघायला पाहिजे, शेजारी कोण बसलंय ते. घाम फुटायला पाहिजे त्याला. हसू नाही, घाम.

आला बघा. पाच म्हणजे पाच! माझ्या बाबतीत कधी वेळ पाळली नाही मेल्याने. तुम्ही नका उठू, मी घेते — तुमचं तोंड भरलंय ना.

हॅलो. — हो, त्या इथेच आहेत. — अहो, मी बोलतेय. आवाज विसरलात? तुमची वारलेली. — हॅलो? — हॅलो?

धुवून घ्या तोंड, मॅडम. नळ उजव्या हाताला आहे.