जादूगार कुणाच्या हाती

(विस्कॉन्सिनमधलं ऑरिन आणि मार्लिसचं घर. शनिवार, दुपार. जेवणाच्या टेबलावर फासे, पेन्सिली आणि खेळातल्या पात्रांचे कागद. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते बोलून सांगायचं, असा हा खेळ.)

ड्वेन : …म्हणून म्हणतो, आज संध्याकाळच्या खेळात योद्धा घे. अंगात जोर, वर लोखंडी चिलखत, चार घाव बसले तरी पडायचा नाही. पाळी आली की तलवार काढायची, फासा टाकायचा, झालं!

ऑरिन : आणि माझा जादूगार?

ड्वेन : त्याला जरा विश्रांती. तसाही फुंकर मारली तरी मरतो तो. मांजरीनं बोचकारलं तर आडवा झाला होता एकदा.

ऑरिन : तेव्हा नवखा होता! एक्क्याऐंशी साली, तुझ्या आईच्या तळघरात. आता एका मंत्रात अख्खी फौज झोपवतो. तुझा योद्धा एका वेळी एकाचंच डोकं फोडतो. बंद दार दिसलं तर खांदा लावण्यापलीकडे काही सुचत नाही त्याला.

ड्वेन : पण दार उघडतं ना?

ऑरिन : भिंतीसकट.

ड्वेन : बरं, योद्धा नको तर चोर घे. हळूच मागून जायचं, सुरा खुपसायचा. चोराला फार काही लक्षात…

ऑरिन : फार काही लक्षात ठेवावं लागत नाही. बोल की, थांबलास का? इतक्या वर्षांत तू मला पात्र बदल म्हणाला नाहीस. आणि आज एवढ्या बर्फातून गाडी हाणत, नवाकोरा योद्धा लिहून घेऊन आलास. मार्लिसनं फोन केला ना तुला?

मार्लिस : केला. ओरडू नकोस, स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतंय.

ऑरिन : वा! बायको आणि मित्र मिळून माझी बदली करताय.

मार्लिस : गेल्या शनिवारी घरी आलास तो बूटही न काढता पलंगावर बसून राहिलास. काय झालं विचारलं तर म्हणे काही नाही. मग कुणाला विचारायचं मी?

ऑरिन : काय सांगितलंस रे तिला?

ड्वेन : झालं ते. खेळात तू आगीचा गोळा टाकलास. त्या खोलीत राक्षस नव्हते. आम्हीच होतो.

ऑरिन : होते चूक एखाद्या वेळी.

ड्वेन : होते की. खेळ चालवणाऱ्या कर्टनं तुला समजावलं, तू गोळा मागे घेतलास. आणि पुढच्या पाळीला पुन्हा तोच मंत्र. त्याच खोलीत.

ऑरिन : कुणी हसलं नाही.

ड्वेन : नाही.

ऑरिन : एरवी महिनाभर टिंगल केली असतीत. त्या दिवशी सगळे खाली मान घालून बसलात. तेव्हा घाबरलो मी, ड्वेन. पुढचा मंत्र कोणता ते आठवेना, आणि आधीचा टाकलाय हेही आठवेना.

मार्लिस : मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय. मी आहे बरोबर.

ऑरिन : डॉक्टर सांगेल ते सांगेल. मला धास्ती आहे ती शनिवारची. आज योद्धा द्याल. उद्या म्हणाल, ऑरिन, तू नुसता बस, चीज खा. मग एक दिवस फोनच यायचा नाही.

ड्वेन : शनिवारी मला तरी दुसरीकडे कुठे जायचंय, गधड्या?

ऑरिन : मग असं कर. हा नवा नको, तुझा योद्धा दे मला. त्याला जन्मभर बघतोय, तो काय करेल ते मी झोपेतही सांगेन. आणि माझा जादूगार तू सांभाळ.

ड्वेन : मी? मला एक मंत्र धड येत नाही! आयुष्यभर नावं ठेवली त्याला.

ऑरिन : म्हणूनच. दुसऱ्या कुणाच्या हाती दिला तर मला झोप लागणार नाही. मी शिकवतो ना.

ड्वेन : आणि शिकवताना तुलाच…

ऑरिन : आठवलं नाही, तर तोंडावर सांगायचं. कबूल?

ड्वेन : कबूल.

मार्लिस : आधी जेवा दोघं. हॉटडिश ओव्हनमधून काढलंय, गार होईल.

ऑरिन : होऊ दे गार. ड्वेन, खुर्ची इकडे ओढ. पाण्याखाली श्वास घ्यायच्या मंत्रापासून सुरू करू. तो मला आत्ता अगदी लख्ख आठवतोय.